वाचकांचे प्रश्न : लाजाळू, बिनतारी लहरी आणि जगदीशचंद्र

मागच्या अंकात पानाच्या कोपऱ्यात चार ओळींची चौकट टाकली होती, की जगदीशचंद्र बोस यांनी बिनतारी लहरींचं काम बाजूला ठेवून झाडांकडे मोर्चा वळवला. खरं सांगायचं तर जागा उरली होती म्हणून टाकली, आणि पत्रं आली ती या चौकटीवरच, मुख्य लेखाला दोन. तेव्हा या वेळचं सदर सगळं बोसांचं. पत्रं लांब होती, कापली आहेत, राग मानू नये.

प्रश्न : मी सातवीला विज्ञान शिकवते. "जगदीशचंद्र बोस यांनी वनस्पतींना जीव असतो हे सिद्ध केले" हे वाक्य आम्हीपण पाठ केलं आणि मुलंही करतात. परवा एका मुलानं विचारलं, मॅडम, म्हणजे त्याच्या आधी लोकांना झाडं मेलेली वाटायची का? मला उत्तर सुचलं नाही. (एक शिक्षिका, कऱ्हाड)

त्या पोराला आधी शाबासकी द्या. बी रुजतं, रोप वाढतं, पाणी चुकलं की मान टाकतं, यात झाड जिवंत आहे हे कुणी सिद्ध करायला कशाला हवं, शेतकऱ्याला विचारा, हसेल. बोसांचा जन्म १८५८ चा, त्याच्या वीस वर्षं आधीच युरोपात सजीवांच्या पेशींचा सिद्धांत मांडून झालेला होता आणि त्यात झाडं होतीच. तेव्हा ते वाक्य चुकीचंच आहे, आपण सगळ्यांनी ते लिहून एकेक मार्क मिळवलाय ही गोष्ट वेगळी.

बोसांनी दाखवलं ते असं, की झाडाला टोचलं, चटका दिला, शॉक दिला, एकदम गार केलं, तर झाड त्याला उत्तर देतं, आणि हे उत्तर विजेच्या बारीकशा झटक्याच्या रूपात मोजता येतं. लाजाळू पानं मिटते म्हणून आपल्याला दिसतं, पण बोसांनी मुळा, सलगम, फ्लॉवरचा दांडा अशी मंडईतली साधी भाजी घेऊन तिच्यातही तोच विजेचा झटका दाखवला. त्यांच्या आधी १८७३ मध्ये बर्डन-सँडरसन नावाच्या इंग्रज शरीरशास्त्रज्ञानं, डार्विनच्या सांगण्यावरून, किडे पकडणाऱ्या व्हीनस फ्लायट्रॅपमध्ये असा सिग्नल पकडला होता. तेव्हा पहिला मान बोसांचा नाही, हे पण वर्गात सांगा. पण सँडरसन साहेबांचं म्हणणं होतं की हे असल्या हलणाऱ्या, खास झाडांपुरतंच, साध्या झाडात असलं काही नसतं.

आणि १९०१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीत बोस जेव्हा साध्या झाडांचे आलेख घेऊन उभे राहिले तेव्हा समोर हेच सँडरसन. म्हाताऱ्यानं आधी बोसांच्या लहरींच्या कामाची तारीफ केली आणि मग सुचवलं की भौतिकशास्त्रज्ञानं भौतिकशास्त्रातच राहावं, आणि निबंधाच्या नावात 'रिस्पॉन्स' हा शब्द आहे तो बदलून 'रिॲक्शन' करावा, कारण रिस्पॉन्स हा शरीरशास्त्राचा शब्द. एका शब्दाची गोष्ट! दुसरा कुणी असता तर बदलून मोकळा झाला असता. बोस म्हणाले बदलणार नाही, आणि तो निबंध न छापता दप्तरात गेला. पुढच्या वर्षी वनस्पती-प्राण्यांच्या अभ्यासकांच्या लिनियन सोसायटीनं त्यांचं काम छापलं तेव्हा कुठे वाट मोकळी झाली.

लाजाळूचं भांडण आणखी गमतीचं आहे. जर्मनीकडच्या मोठमोठ्या वनस्पतिशास्त्रज्ञांचं मत होतं की एका पानाला लावलेला हात दुसऱ्या पानाला कळतो तो आतल्या पाण्याच्या दाबामुळे, म्हणजे रबरी नळी एका टोकाला दाबली की दुसऱ्या टोकाला पाणी उसळतं तसा. बोसांनी साधी शंका काढली, पाण्याचीच लाट असेल तर वाटेत देठाच्या मधल्या भागाला गार केलं किंवा तिथं विष लावलं तर तिला काय फरक पडतो? नळीला बाहेरून बर्फ लावून पाणी थोडंच थांबतं. त्यांनी तसं करून बघितलं आणि निरोप अडला, किंवा मंदावला. म्हणजे देठातल्या जिवंत पेशी तो निरोप पुढे देतायत, नुसती नळी नव्हे. (पाण्याचा दाब अजिबात नसतोच असं मात्र नाही, पान मिटतं ते सांध्यातल्या पेशींमधलं पाणी निघून गेल्यामुळेच, आणि जखम झाली की दाबाची लाटही जाते.)

मुलांना एवढं सांगा की बोसांनी झाडाचं उत्तर मोजून दाखवलं. परीक्षेत काय लिहायचं ते तुम्ही बघा, मी त्यात पडत नाही.

प्रश्न : रेडिओवाला माणूस झाडांकडे वळलाच कसा? एवढं चांगलं चाललेलं काम सोडून? (निवृत्त तार खात्यातले, नागपूर)

काका, तुम्ही तार खात्यातले म्हणून तुम्हाला ही गोष्ट जास्त आवडेल, कारण सगळी भानगड एका दमलेल्या यंत्रानं केली.

त्या काळी लहर पकडायला कोहीरर नावाची वस्तू असायची, काचेच्या नळीत लोखंडाचा कीस, लहर आली की कण एकमेकांना चिकटतात, करंट जातो, घंटी वाजते, आणि मग पुढची लहर पकडायची तर नळीला टिचकी मारून कण सुटे करायचे. कोलकात्याच्या दमट हवेत हा कीस गंजायचा. बोसांनी कीस काढून टाकला, बारीक स्प्रिंगा एकमेकींना टेकवून बघितल्या, लोखंड आणि पारा लावून बघितला, वेगवेगळे धातू बघितले, आणि टिचकीशिवाय आपोआप पूर्ववत होणारा कोहीरर बनवला, तो निबंध १८९९ चा. हे करताना त्यांच्या लक्षात आलं की रिसीव्हर सारखा वापरला की मंद पडतो, आणि थोडा वेळ तसाच ठेवला की परत ताजातवाना. दुसरा असता तर म्हणाला असता वायर ढिली आहे. यांनी त्याचा आलेख काढला. आलेख बघितला तर तो दमलेल्या स्नायूच्या आलेखासारखा!

मग काय, माणूस हटेना. कथलाच्या तारेला पीळ दिला, विजेचं उत्तर मोजलं, तिला सोडियम कार्बोनेट लावलं तर उत्तर जोरात, ऑक्झॅलिक ॲसिड लावलं तर उत्तर बंद, म्हणजे एक टॉनिक आणि एक विष. स्नायू आणि धातू या दोन टोकांच्या मधे काय येतं? झाड. तर १९०० साली पॅरिसच्या भौतिकशास्त्र परिषदेत त्यांनी सजीव आणि निर्जीव यांचे आलेख शेजारी शेजारी मांडले आणि तिथून पुढची पस्तीस-एक वर्षं बहुतेक झाडांचीच.

इथं माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. धातूचा 'थकवा' आणि स्नायूचा थकवा हे आलेखात सारखे दिसले तरी आतली कारणं वेगळी, आणि बोसांनी इथं जरा मोठी उडी मारली. तसंच नंतर झाडात पाणी चढतं ते खोडातल्या पेशी हृदयासारख्या धडधडतात म्हणून, असं ते मांडत राहिले, तेही टिकलं नाही, पानांतून बाष्प उडतं आणि पाण्याची अखंड दोरी वर ओढली जाते हे डिक्सन आणि जोली यांचं म्हणणं टिकलं. पण माणसानं यंत्रं अशी केली की चुकलं तरी मोजमाप हातात उरतं.

तीच यंत्रं बघा ना. झाड सरासरी किती वाढतं याचा बोसांचा हिशोब होता सेकंदाला साधारण इंचाचा एक लाखावा भाग. डोळ्याला काय दिसणार कपाळ! त्यांनी दोन तरफा एकीला एक जोडून क्रेस्कोग्राफ बनवला, त्यानं ही हालचाल दहा हजार पट मोठी व्हायची, म्हणजे सेकंदाला इंचाचा दहावा भाग, अडीच मिलिमीटर, समोर बसून बघता येईल इतकी. पण दुसऱ्या तरफेचं टोक एवढं हलकं की कागदावर घासलं तरी घर्षणानंच अडून बसेल, म्हणून त्यांनी काचेला दिव्याची काजळी धरली आणि ती काचच घड्याळाच्या यंत्रानं पुढंमागं हलवली, टोकाला क्षणभर टेकायची आणि लांब जायची. त्यामुळे रेघ नाही, ठिपके उमटायचे, आणि प्रत्येक ठिपका म्हणजे वेळेची खूणही झाली, फुकटात. खत दिलं की ठिपके लांब लांब, विष दिलं की जवळ जवळ. एवढं डोकं आणि सामान काय, तर काजळी. तुमच्या मोर्सच्या ठिपक्यांची आठवण झाली ना?

सुरुवातीचं सामानही पत्र्याचं काम करणाऱ्या एका स्थानिक कारागिराला हाताशी धरून केलेलं, प्रेसिडेन्सी कॉलेजात बाथरूमशेजारच्या टिचभर खोलीत. आणि पगार? इंग्रज प्रोफेसरपेक्षा कमी देत होते म्हणून तीन वर्षं घेतलाच नाही, शिकवणं मात्र चालू. शेवटी सरकारनं मागची सगळी बाकी चुकती केली.

प्रश्न : आमच्या वाडीजवळ मोबाईलचा टॉवर झाला आणि दोन वर्षं आंब्याचा मोहोर गळतोय. बोस यांनी रेडिओ लहरींचा झाडांवर परिणाम होतो हे शंभर वर्षांपूर्वीच दाखवलं होतं असा मेसेज फिरतोय. खरं का? (बागायतदार, देवगड)

मेसेजचा पहिला अर्धा भाग खरा आहे, म्हणून तर तो फिरतो.

बोसांना प्रश्न पडला होता की झाडाला उजेड कळतो, तो तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत, तर मग उजेडाचीच मोठी भावंडं असलेल्या बिनतारी लहरी कळतात का? त्यांच्याशिवाय हा प्रश्न कुणाला पडणार, दोन्ही दुकानं त्यांचीच. १९१९ च्या सुमारास त्यांनी ठिणगीवर चालणारा बिनतारी ट्रान्समीटर लावला, दुसरीकडे वाढतं रोप आणि वाढीचा वेग दाखवणारं यंत्र, आणि त्यांना असं दिसलं की लहर हलकी असेल तर वाढ किंचित वेग घेते, जोरदार असेल तर मंदावते. 'नेचर'मध्ये ते छापूनही आलं. हलक्या डोसनं चालना आणि भारी डोसनं मार, हे त्यांना चटका, शॉक, औषधं सगळ्यातच दिसत होतं, त्यात ही आणखी एक भर.

आता दुसरा अर्धा भाग. तो ठिणगीचा ट्रान्समीटर म्हणजे कडाड कडाड वाजणारा प्रकार, लहर एका मापाची नाही, रोप जवळ, आणि नोंद काही सेकंद-मिनिटांतल्या वाढीची. तुमचा टॉवर वेगळ्याच लहरी सोडतो, सात-आठ सेंटीमीटरपासून चाळीसेक सेंटीमीटरपर्यंत लांबीच्या, आणि कलमापर्यंत पोचेस्तोवर त्यांचा जोर फार कमी झालेला असतो. त्या प्रयोगावरून मोहोर गळतो असं म्हणणं म्हणजे बोसांनी न दिलेली साक्ष त्यांच्या नावावर खपवणं.

मोहोराचं तुम्हाला मी काय सांगणार, तुम्ही बागायतदार. तरी, ढगाळ हवा आणि धुकं किती दिवस होतं, तुडतुडे किती होते, भुरी होती का, फुलकिडे होते का, हे आधी बघा. आणि मोहोर एरवीही गळतोच, हजारो फुलांतून आंबे धरतात ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. टॉवरची शंका खरंच मनात असेल तर बोसांसारखं करा, टॉवरला लागून असलेली दहा कलमं आणि लांबची त्याच वयाची, त्याच फवारणीची दहा कलमं, दोन्हीकडे खुणेच्या फांद्या बांधून दर आठवड्याला फळं मोजा आणि वहीत लिहा. दोन हंगाम लिहा. मग मला पत्र टाका, छापतो.

प्रश्न : मार्कोनीनं बोसांचा शोध चोरला का? हो किंवा नाही, एका शब्दात सांगा. (पुणे)

पुण्याहून एका शब्दाची मागणी यावी हे विशेष. नाही सांगता येणार.

१८९५ च्या सुमारास कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये बोसांनी लेफ्टनंट गव्हर्नर मॅकेन्झी साहेबांसमोर लहर सोडली, ती साहेबांच्या देहातून आणि भिंतींतून आरपार गेली, पलीकडे घंटी वाजली आणि दारूचा बार उडाला. हा खेळ म्हणून भारीच, पण बोसांचं खरं काम त्याच्या आत आहे. अशा लहरी पहिल्यांदा करून दाखवणाऱ्या जर्मन हर्ट्झनं ज्या लहरी केल्या त्या हात-हातभर लांब, त्यांना आरसे-भिंगं लावायची तर खोलीएवढी लागणार. बोसांनी लहरच आखूड केली, अडीच सेंटीमीटरपासून थेट पाच मिलिमीटरपर्यंत, मग सगळी प्रयोगशाळा टेबलावर मावायला लागली. लहर एका दिशेनं गाळून घ्यायला त्यांनी ज्यूटचा पिळा वापरला आणि चक्क रेल्वेचं जाडजूड टाईमटेबल वापरलं, पानं उभी धरली तर लहर जाते, आडवी धरली तर अडते, पानांत कथलाचा वर्ख घातला तर आणखी चांगलं. १८९७ च्या जानेवारीत लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हे सगळं सामान घेऊन त्यांनी व्याख्यान दिलं.

मार्कोनीला यातलं काहीच नको होतं. त्याला हवं होतं अंतर, निरोप आणि कंपनी, त्यासाठी त्यानं लांब लहरी आणि उंच अँटेना घेतल्या. फक्त १९०१ च्या डिसेंबरात अटलांटिकपार सिग्नल ऐकायला त्यानं जो पाऱ्याचा कोहीरर आणि टेलिफोनचा कर्णा लावला, तो त्याच्याकडे इटलीच्या नौदलातल्या सोलारी नावाच्या दोस्ताकडून आला होता, आणि तो बोसांच्या १८९९ च्या छापील निबंधातल्या वस्तूसारखाच होता. इटलीत यावरून तेव्हा बोंबाबोंब झाली, पण तीही अशी, की हा शोध आमच्यातल्याच कुठल्या इटालियनाचा. बोसांचं नाव कुणीच काढलं नाही. हे धागे नीट उलगडून मांडले प्रबीर बंद्योपाध्याय यांनी, १९९८ मध्ये. तेव्हा चोरी म्हणायची तर चोरीचा माल उघड्यावर छापून ठेवलेला होता, पण नाव घेतलं नाही ते नाहीच घेतलं.

बोसांना पेटंटचा तिटकारा होता हे खरंय. एका तार कंपनीचा मालक अर्धा नफा देतो म्हणून मागे लागला होता, ते त्यांनी रवींद्रनाथांना पत्रात वैतागून कळवलंय. अमेरिकेतलं एक पेटंट मात्र आहे त्यांच्या नावावर, १९०४ मध्ये मिळालेलं, ते त्यांच्या अमेरिकन स्नेही सारा बुल आणि भगिनी निवेदिता यांनी मागे लागून करवून घेतलं. त्यात गॅलेना नावाच्या शिशाच्या खड्याचा डिटेक्टर आहे. जुन्या लोकांना क्रिस्टल सेट आठवत असतील, खड्यावर बारीक तार टेकवायची, जागा बदलत बदलत स्टेशन शोधायचं आणि कानाला हेडफोन, बॅटरी नाही की काही नाही, त्या खड्याचं मूळ हे. सेमीकंडक्टरचा पहिला उपयोग करणाऱ्यांत बोसांचं नाव पुढे ट्रान्झिस्टरवाल्या ब्रॅटननं स्वतः घेतलं.

प्रश्न : नारायणगावहून खोडदच्या तबकड्या दिसतात. त्यात बोसांचं तंत्र आहे का? (कॉलेज विद्यार्थी)

थेट नाही. खोडदच्या जीएमआरटीच्या, म्हणजे आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणाऱ्या दुर्बिणीच्या, ३० तबकड्या, प्रत्येकी ४५ मीटर रुंद, या मीटरच्या मापातल्या लांब लहरी ऐकतात, बोसांच्या लहरी मिलिमीटरच्या. बोसांच्या लहरींचं घराणं बघायचं तर गाड्यांच्या पुढच्या बंपरमध्ये बसवतात तो ७७ गिगाहर्ट्झचा रडार बघ, किंवा फाइव्ह जीच्या लिलावात २६ गिगाहर्ट्झचा पट्टा होता तो. पाच मिलिमीटर म्हणजे ६० गिगाहर्ट्झ, हे माणूस १८९० च्या दशकात करत बसला होता, घ्यायला गिऱ्हाईकच नव्हतं. २०१२ मध्ये आयईईई या इंजिनिअरांच्या जागतिक संघटनेनं प्रेसिडेन्सीतल्या या कामाला मैलाचा दगड म्हणून मान दिला.

प्रश्न : सासूबाई रोज तुळशीला मोबाईलवर अभंग लावतात, म्हणतात बोसांनी सांगितलंय झाडांना गाणं कळतं. (ठाणे)

बोसांनी असं सांगितलेलं नाही. त्यांनी स्पर्श, शॉक, उष्णता, थंडी, उजेड आणि औषधं यांचं मोजमाप केलं. झाडांना गाणं ऐकवण्याची टूम बरीच नंतरची, साठच्या दशकापासून जोरात आली, त्याच सुमारास खोटं पकडणाऱ्या यंत्राच्या एका अमेरिकन तज्ज्ञानं झाडाला यंत्राच्या तारा लावून त्याला मनातले विचार कळतात असा दावा केला, तो इतरांना परत करून दाखवता आला नाही, आणि हे सगळं कालांतरानं बोसांच्या खात्यात जमा झालं. पण सासूबाईंना सांगू नका. अभंग लावताना त्या पाणीही घालत असतील, आणि घरातल्या माणसांना अभंग कळतात ना!

प्रश्न : आमच्याकडे एक व्हिडिओ आलाय, देवळाजवळचं झाड आरतीच्या वेळी वाकून नमस्कार करतं. असं होऊ शकतं का? (बार्शी)

व्हिडिओचं माहीत नाही, पण याच्यावर बोसांनी केलेलं काम म्हणजे माझ्या मते त्यांच्या सगळ्या कामातलं गोड काम आहे, आणि ते फारसं कुणी सांगत नाही.

पूर्व बंगालात फरीदपूरला एक शिंदीचं झाड होतं, वादळानं कललेलं. संध्याकाळी देवळात घंटा वाजायला लागल्या की ते वाकायचं आणि सकाळी परत मान वर करायचं. लोक लांबून यायला लागले, नैवेद्य, नवस, रोग बरे होतात वगैरे सगळं. बोसांचं बालपण फरीदपुरातलंच, वडील तिथं अधिकारी. झाडाला यंत्र लावायचं म्हटल्यावर मालकाची कुरकुर, की हे विलायती यंत्र लागून झाडाचं पावित्र्य जाईल. तेव्हा त्याला सांगितलं गेलं की यंत्र दिसतं विलायती पण केलंय आमच्याच प्रयोगशाळेत, आमच्याच माणसांनी, आणि त्यातला एकजण पुजाऱ्याचा मुलगा आहे. मग परवानगी!

यंत्रानं रात्रंदिवस नोंद केली आणि दिसलं काय, तर झाड फक्त संध्याकाळी नाही, सारखंच हलतंय, सावकाश. हवा तापली की खाली, निवली की वर. सकाळी सातच्या सुमारास सगळ्यात उंच आणि दुपारी तीननंतर सगळ्यात खाली. घंटेचा संबंध नाही, तापमानाचा आहे. मग त्यांनी इतर झाडं तपासली, तर तीही कमीजास्त हलतात, फक्त सरळ उभ्या झाडाकडे कुणी बघत नाही.

पुढे वर्षभरात ते झाड मेलं आणि मेल्यावर हलायचंही थांबलं, तशी एका सरकारी अधिकाऱ्याची तार आली बोसांना. म्हणजे लाकूड तापून वाकतं तसलं हे वाकणं नव्हतं, जिवंत झाडाचं होतं. त्यांनी भक्तांची टर उडवली नाही, झाड खरंच वाकतं हे कबूल केलं आणि का वाकतं तेवढं सांगितलं. तुमच्या व्हिडिओतलं झाड खरं असेल तर त्याच्या शेंड्याला दोरी बांधा, खाली ओळंबा, जमिनीवर पट्टी, आणि दर तासाला आकडा लिहा. आरती नसतानाही लिहा, ते महत्त्वाचं.

प्रश्न : बोस की बसू? आणि बोस स्पीकर यांचेच का? हिग्ज बोसॉनही? (एकाच पत्रात तीन, कोल्हापूर)

बंगालीत बसू, उच्चार बोशू, इंग्रजीत गेलं की बोस. त्यांच्या कोलकात्यातल्या संस्थेचं बंगाली नाव बसू विज्ञान मंदिर, ३० नोव्हेंबर १९१७ ला, त्यांच्या एकोणसाठाव्या वाढदिवशी उघडली. स्पीकरवाले अमर बोस, अमेरिकेत वाढलेले, वडील बंगालचे. बोसॉनवाले सत्येंद्रनाथ बोस, ते प्रेसिडेन्सीत जगदीशचंद्रांचे विद्यार्थी होते. सुभाषबाबू वेगळे, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको.

प्रश्न : झाडांना मेंदू नाही मग निरोप पोचतो कसा? आजचे शास्त्रज्ञ बोसांबद्दल काय म्हणतात? (नाशिक)

मेंदू नाही आणि मज्जातंतूही नाहीत, इथं बोसांनी 'नर्व्ह' हा शब्द वापरला तो आज कुणी घेत नाही. पण विजेचा निरोप असतो, हे आता वादाचं राहिलेलं नाही. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या आणि जपानी संशोधकांनी एका छोट्या रोपात चमकणारं प्रथिन घालून दाखवलं की सुरवंटानं एक पान कुरतडलं की कॅल्शियमची लाट उजेडासारखी सरकत लांबच्या पानांपर्यंत जाते, आणि तिला चालना देतं ग्लुटामेट, जे आपल्या मेंदूतही निरोप्याचं काम करतं. २०२२ मध्ये जपानात लाजाळूवर तेच केलं, कॅल्शियमची लाट पुढे आणि तिच्या मागोमाग पानं मिटत जातात. शिवाय पानं न मिटणारी लाजाळू तयार करून नाकतोड्यांपुढे ठेवली, तर त्यांनी ती जास्त खाल्ली. म्हणजे लाजणं बिजणं काही नाही, जेवणाचं ताट उलटं करणं आहे ते.

प्रश्न : मी आठवीत आहे. घरी बोसांसारखा प्रयोग करता येईल का? (रत्नागिरी)

तुला तर सोपं आहे, कोकणात बांधावर लाजाळू मिळेल, गुलाबी गोंड्याचं फूल असतं ते, काटे जपून. मुळासकट मातीचा गड्डा घेऊन कुंडीत लाव आणि आठवडाभर तिला सावरू दे, नाहीतर नुसती रुसून बसेल.

ऊन असलेल्या सकाळी कर, रात्री पानं मिटलेलीच असतात आणि थंडीत ती मंद असते. लागतं काय, उदबत्ती, पट्टी आणि मोबाईल, मोबाईल स्टँडवर ठेवून व्हिडिओ लाव. पट्टी देठाच्या मागे धर, झाडाला लावायची नाही. घरातलं मोठं माणूस जवळ असू दे. पेटती उदबत्ती अगदी टोकाच्या छोट्या पानाजवळ ने, टेकवायची नाही, नुसती धग. टोकाची जोडी मिटेल, मग तिच्या मागची, मग तिच्या मागची, एकेक जोडी मिटत लाट देठाकडे येईल, जरा थांबेल असं वाटेल, आणि मग एकदम अख्खा देठ सांध्यातून खाली पडेल. मी गेल्या रविवारी खिडकीतल्या कुंडीवर केलं तर देठ पडायच्या आधीचा तो थांबा एवढा लांबला की मी फसलं समजून उदबत्ती बाजूला केली आणि तेवढ्यात पडला, बायको म्हणाली तू धसकलास.

मग व्हिडिओ हळू करून बघ, लाट पट्टीवर किती सेंटीमीटर किती सेकंदात गेली, भागाकार कर. बरं, आता तिला वीस मिनिटं तरी सोड, पानं उघडू दे, आणि दुसऱ्या फांदीवर देठाच्या मधोमध बर्फाचा खडा कापसात गुंडाळून पाच मिनिटं धर, मग परत टोकाला धग. निरोप बर्फाच्या पलीकडे जातो का, उशिरा जातो का ते लिही. एकाच फांदीला सारखं छळलंस तर ती उत्तर द्यायचं बंद करेल, तेही लिही, कितव्यांदा बंद केलं ते. आणि एकदा करून थांबू नकोस, निदान पाच फांद्यांवर कर, कारण एखादी फांदी आपल्याला हवं तेच दाखवते.